निरोप झाला, जायचं राहिलं

पीटर्सबर्ग,
डिसेंबर, मंगळवार

तीर्थरूप नोन्नामावशीस,

तास्याचा वाकून नमस्कार. गुडघा कसा आहे ते कळव. नुसतं ‘बरा आहे’ असं लिहू नकोस. मागच्या पत्रात वरच्या बाजूला गुडघा बरा होता आणि खालच्या बाजूला तळघरातून खारवलेल्या कोबीची बरणी आणायला शेजारच्या मित्र्योखिनना हाक मारावी लागली होती. ही दोन्ही विधानं एकाच वेळी खरी असू शकत नाहीत. जिना चढताना दुखतो की उतरताना, एवढंच लिही, बाकीचं मी समजून घेईन. धुराडं यंदा थंडीआधी साफ करून घेतलंस का? गेल्या वर्षी घरात धूर कोंडत होता आणि तू आठवडाभर लाकडं ओली आहेत म्हणत होतीस, शेवटी आत कावळ्यानं संसार मांडलेला निघाला. माझी तब्येत चांगली आहे. दोन्ही वेळा जेवते. तू बसच्या ड्रायव्हरबरोबर पाठवलेली वाळवलेली अळंबी पोचली, तिचं सूप केलं, चांगलं झालं. टोपी घालते. (तू विचारणार, म्हणून आधीच लिहून टाकलं.)

पत्र हातानं लिहिते आहे, कारण तुला फोनवर नीट ऐकू येत नाही आणि मला फोनवर नीट बोलता येत नाही. ज्या घरात दोन्ही बाजूंनी अशी स्थिती आहे, त्या घरासाठी टपालखातं चालू ठेवावंच लागेल.

नववर्षाला तोत्म्याला ये असं तू लिहिलं आहेस. येणं जमणार नाही, काम फार आहे. पण हे पत्र त्याबद्दल नाही. तुमच्या गावच्या ग्रंथालयातल्या बाई आमचा कार्यक्रम बघतात असं तूच कळवलं होतंस, तेव्हा एव्हाना त्यांनी तुला गाठून सांगितलं असेल की तुझी भाची देश सोडून निघाली. ते खरं नाही. मी कुठेही जात नाहीये. निरोप मात्र झाला आहे माझा. रीतसर झाला, केक कापून. आता प्रश्न एवढाच उरला आहे की माझं काम माझ्याकडे राहतं की नाही. आणि ते गेलं, तर या शहरात मला ओळखणारं म्हणून घरमालकीण आणि तिचं मांजर एवढंच उरतं. मांजराबद्दल मला खात्री नाही.

हे सगळं कसं झालं ते क्रमानं सांगते.

आमचा कार्यक्रम म्हणजे काय, हे तू दोनदा विचारलंस आणि मी दोनदा ‘पुस्तकांबद्दल असतं’ एवढंच लिहिलं. तर नाव ‘दुसरी आवृत्ती’. इनोकेंती पाव्लोविच म्हणून एक समीक्षक आहेत. ते पूर्वी एका जाड साहित्यिक मासिकात होते. मासिक बंद पडलं तेव्हा त्यांना सांगितलं गेलं की लोक आता वाचत नाहीत, बघतात. तेव्हापासून ते कॅमेऱ्यासमोर बसून नव्या पुस्तकांबद्दल बोलतात आणि लेखकांच्या घरी जाऊन त्यांच्याशी गप्पा मारतात. म्हणजे गप्पा तेच मारतात, लेखक जवळ बसलेले असतात. त्यांचा एक प्रश्न चहा गार होईपर्यंत चालतो. मग ते सगळं इंटरनेटवर चढवायचं. (हल्ली तीन वेगवेगळ्या ठिकाणी चढवावं लागतं, कारण कुठलं कधी चालेल याचा नेम नाही.) एल्विरा हा सगळा कारभार बघते. कुठल्या लेखकाकडे जायचं, कुणाचं नाव घ्यायचं नाही, मागच्या कपाटातल्या कुठल्या पुस्तकाची पाठ धूसर करायची, हे ती सांगते. का, ते ती सांगत नाही. रोदिओनकडे कॅमेरा. आणि आवाज आणि कापाकापी माझ्याकडे.

कापाकापी म्हणजे खाकरणं, चमच्यांची किणकिण, ‘म्हणजे असं बघा’, ‘थोडक्यात सांगायचं तर’ (याच्यानंतर थोडक्यात कधीच येत नाही), आणि मुख्य म्हणजे माणूस विचार करत गप्प बसतो तो वेळ. तो काढायचाच, असा एल्विराचा नियम आहे. प्रेक्षक गप्प माणसाकडे बघत बसत नाही, उठून जातो. हे काम मला आवडतं. तीन वर्षं करते आहे. या तिघांच्या आवाजाची मला इतकी माहिती आहे की खोटी स्तुती करण्याआधी इनोकेंती पाव्लोविच नाकानं श्वास घेतात, तोंडानं नाही, हे मी डोळे मिटून सांगू शकते. एल्विरा नकार देण्याआधी जिभेनं टाळूला बारीकसा आवाज करते. रोदिओन कॅमेऱ्यामागे गुणगुणतो आणि त्याला ते माहीत नाही. माझा स्वतःचा आवाज त्या सगळ्या ध्वनिमुद्रणांमध्ये फक्त सुरुवातीला आहे: ‘बोला, आवाज बघते.’ तेवढा मी सगळ्यात आधी कापते.

आता एक गोष्ट तुला समजावून सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. माणसाचं गप्प बसणं कापलं की तिथे भोक पडतं. नुसती पोकळी ठेवली तर ऐकणाऱ्याला दचकायला होतं, कारण खरी खोली कधीच पूर्ण गप्प नसते. फ्रीज असतो, नळ असतो, खाली रस्ता असतो. प्रत्येक खोलीची शांतता निराळी. म्हणून काम संपलं की मी सगळ्यांना म्हणते, मिनिटभर हलू नका, बोलू नका, आणि त्या खोलीची रिकामी शांतता तेवढी ध्वनिमुद्रित करून घेते. मग ती भोकांमध्ये भरायची. जगात कुठेही जा, आवाजवाले हेच करतात. यात भावना नाही.

ऑक्टोबरच्या शेवटी आम्ही सेराफिमा अंद्रेयेवनांकडे गेलो होतो. शहरातल्याच वासिल्येव्स्की बेटावर चौथ्या मजल्यावर राहतात, लिफ्ट नाही. तरुणपणी ध्रुवाकडच्या एका हवामान केंद्रावर होत्या, तिथल्या गोष्टी लिहिल्या. पन्नास वर्षं ती पुस्तकं कुठे मिळत नव्हती, आता एका लहान प्रकाशकानं पुन्हा काढली आहेत. बाई नव्वदीला आल्या आहेत, ऐकू कमी येतं, बोलतात त्याहून कमी. इनोकेंती पाव्लोविचनी हिमाच्छादित एकांत आणि विसाव्या शतकातलं मानवी मौन यावर बराच वेळ एक प्रश्न विचारला. बाईंनी तो शेवटपर्यंत ऐकला आणि म्हणाल्या, ‘नाही.’ मग त्यांनी विचारलं की निदान पांढऱ्या रंगाबद्दल काही. बाई म्हणाल्या, ‘बर्फ राखाडी असतो. आणखी चहा घ्या.’ मला त्या आवडल्या. (कापायला अवघड. गप्प बसल्या की खरोखर गप्प बसतात, खुर्चीसुद्धा करकरत नाही.)

काम संपलं आणि मी शांतता घेणार, तेवढ्यात वरच्या मजल्यावर कुणीतरी भिंतीला भोक पाडायला घेतलं. थांबलो. ते थांबेना. इनोकेंती पाव्लोविच बोलत बोलत खोलीबाहेरच्या, दारालगतच्या बोळात आले, कोट घातला, बूट घातले, आणि त्यांच्या मागोमाग सगळ्यांनीच घातले. मी माइक खोलीतच उभा ठेवला होता. पाठीवर सामान, अंगात कोट, पायात बूट, अशी मी बोळात उभी, आणि तेवढ्यात वरचं यंत्र बंद पडलं. आता बूट घालून कुणाच्या खोलीत परत जायचं नाही, हे तुला सांगायला नको. म्हणून मी तिथेच म्हटलं, ‘कृपया सगळे आहात तिथे बसा. मिनिटभर गप्प.’ सगळे बसले. इनोकेंती पाव्लोविच बुटांच्या बाकावर, रोदिओन कॅमेऱ्याच्या पेटीवर, मी माझ्या बॅगेवर. सेराफिमा अंद्रेयेवनांना माझं बोलणं ऐकू आलं नव्हतं. त्यांना फक्त दिसलं: कोट घातलेली मुलगी, भरलेली बॅग, आणि सगळे खाली बसून गप्प.

मावशी, लांबच्या प्रवासाआधी सगळ्यांनी मिनिटभर गप्प बसायची रीत तू इतकी पाळतेस की मला शाळेच्या सहलीलासुद्धा दारात तसं बसवल्याशिवाय कधी पाठवलं नाहीस, तेव्हा बाईंना काय वाटलं असेल ते तुझ्या लगेच लक्षात आलं असेल. माझ्या आलं नाही. मी घड्याळाकडे बघत होते.

बाई बोळातल्या एका ट्रंकेच्या कडेवर बसल्या, हात मांडीवर ठेवले, मान खाली घातली. इतकी स्वच्छ शांतता मला त्या वर्षात मिळाली नव्हती. मिनिट झालं तशी मी उठले, बूट काढले, माइक आणायला आत गेले. बाहेर आले तर बाईंनी मला दंडाला धरून आरशासमोर उभं केलं. ‘परत आत गेलीस ना? बघ आरशात, नाहीतर वाटेत विघ्न येतं.’ मी बघितलं. वयस्कर माणसं सांगतात ते मी करते, वेळ वाचतो. मग त्यांनी स्वतःच्या खांद्यावरची करड्या लोकरीची शाल काढून माझ्या गळ्याभोवती गुंडाळली. मी म्हटलं, धन्यवाद, पण मला सर्दी झालेली नाही. त्यांनी माझ्यासमोर हवेत क्रूसाची खूण केली आणि इनोकेंती पाव्लोविचना बाजूला घेऊन, बहिरी माणसं जसं कुजबुजतात तसं, म्हणजे दोन मजल्यांना ऐकू जाईल असं, सांगितलं: ‘पोरीला नीट पाठवा. आणि तिला काही विचारू नका.’ मला वाटलं टॅक्सीबद्दल चाललं आहे.

इनोकेंती पाव्लोविच चार मजले एक शब्द न बोलता उतरले. तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

दुसऱ्या दिवशी मी कामावर गेले तर माझ्या टेबलावर गरम पिरोगी. कोबीचं सारण भरलेली, तुझ्यासारखी नाही पण बरी. रोदिओननं ठेवली होती. माझं सामान त्यानं न सांगता उचललं, आणि तीन वर्षांत त्यानं माझ्यासाठी दारसुद्धा धरलेलं नाही. ‘काय इंजिनियरीणबाई,’ म्हणाला, ‘तिकडे चांगले हेडफोन महाग असतील, नाही?’ मी म्हटलं, कुठे तिकडे? तो म्हणाला, ‘बरोबर. मी काही बोललोच नाही.’ आणि मग त्यानं स्वतःचे हेडफोन माझ्या खणात ठेवले. (ते डाव्या कानात कमी वाजतात. पण ठेवले.)

मी सरळ एल्विराकडे गेले आणि सांगितलं, मी कुठेही जात नाहीये. एल्विरानं उठून दार लावलं, किटली चालू केली आणि ती उकळून आवाज करायला लागेपर्यंत थांबली. मग हळूच म्हणाली, ‘अगं, अर्थातच जात नाहीयेस. आम्हाला काहीही माहीत नाही. पैसे बदलून घेतलेस ना?’

याचं असं आहे, मावशी. गेल्या काही वर्षांत आमच्या ओळखीतले बरेच लोक देश सोडून गेले. जाणारा माणूस तारीख सांगत नाही, गाव सांगत नाही, आदल्या संध्याकाळपर्यंत ‘छे, मी कुठे जाणार’ असं म्हणत असतो, आणि सकाळी त्याचं कुंडीतलं रबराचं झाड तुमच्या दारात असतं. कुठे आणि का, हे विचारणं आता घाण शिवी दिल्यासारखं झालं आहे. त्यामुळे मी नाही म्हटलं की ते पक्कं होत होतं, आणि ठासून नाही म्हटलं की आणखी पक्कं. मी इनोकेंती पाव्लोविचना लेखी कळवलं. त्यांनी उत्तर पाठवलं: ‘किती संयमानं लिहिलं आहेस.’

त्यानंतर मी सांगायचं सोडलं. त्याची कारणं दोन. एक, सांगून उपयोग होत नव्हता. दुसरं असं की त्या दिवसांत सगळे माझ्याशी बोलत होते. इनोकेंती पाव्लोविच मी जेवले का ते विचारायचे. एल्विरा म्हणाली की माझ्या हातून गेलेला आवाज स्वच्छ असतो, हे तिला पहिल्यापासून सांगायचं होतं. तळमजल्यावरच्या पुस्तकांच्या दुकानातल्या बाईंना माझं नाव माहीत आहे हे मला तेव्हा कळलं. मी ते सगळं ऐकत होते आणि कामाची सवय म्हणून ऐकण्यात काय नाही तेही ऐकत होते. कुणीही ‘जाऊ नकोस’ म्हणालं नाही. समजण्यासारखं आहे, जाणाऱ्याला अडवायचं नसतं, त्याला त्रास होतो. पण मी जात नव्हते, त्यामुळे मला तो त्रास झाला नसता.

मग इनोकेंती पाव्लोविचनी माझ्यावर एक भाग केला. नाव घेतलं नाही, त्यांना वाटतं त्याला सभ्यता म्हणतात. भागाचं नाव ‘शांतता घेऊन जाणारी मुलगी’. नव्या पुस्तकांबद्दल बोलण्याऐवजी ते या खेपेस एका तरुण ध्वनितंत्रज्ञ मुलीबद्दल बोलले, जी या शहरातल्या लेखकांच्या घरांमधली शांतता गोळा करत हिंडते, कारण परक्या देशात तिला तीच ऐकायची आहे. एक म्हातारी लेखिका हे एका नजरेत ओळखते, आणि आपल्याला, जे शब्दांचा धंदा करतात त्यांना, कळतसुद्धा नाही. माणसानं आयुष्यभर पुस्तकांत खोल अर्थ शोधला की हे असं होतं. मग त्याला नुसती बॅगेवर बसलेली बाई दिसतच नाही. माझ्याकडच्या त्या ध्वनिमुद्रणांची नावं ‘शांतता, फ्रीजसकट’ आणि ‘शांतता, कुत्र्याच्या आधी’ अशी आहेत.

तो भाग कापायला माझ्याकडेच आला. बरोबर चिठ्ठी: ‘या वेळी उसासे ठेव.’ मी ठेवले. आवाज समतोल केला, एका ठिकाणी त्यांचा गळा भरून आला होता तिथे मागे ट्रामचा खडखडाट होता, तो काढला. जेवढं चांगलं करता येईल तेवढं केलं. वाईट करायचं ठरवलं असतं तरी मला जमलं नसतं. एक गोष्ट लक्षात आली: माझ्याबद्दलच्या त्या सबंध भागात माझा आवाज कुठेही नव्हता. मला काही कापावंच लागलं नाही.

तो भाग इतका बघितला गेला की आमचा आजवरचा कुठलाच भाग तेवढा कुणी बघितला नव्हता. खाली लोकांनी लिहिलं. बेलग्रेडहून एकानं खोली देऊ केली, खिडकी अंगणाकडे आहे म्हणाला. येरेवानहून एका बाईंनी मांजर विमानात कसं न्यायचं ते सविस्तर सांगितलं. दोघांचं स्वल्पविरामावरून भांडण झालं आणि ते अजून चालू आहे. एकानं नुसतं ‘सुखी राहा, पोरी’ असं लिहिलं होतं. ते मी दोनदा वाचलं. तुमच्या ग्रंथालयातल्या बाईंनीही काहीतरी लिहिलं असावं, कारण एका ठिकाणी ‘आमच्या तोत्म्याची मुलगी’ असा उल्लेख होता.

पुढच्या सोमवारी दिना आली. माझ्या जागी. सव्वीसची असेल, हुशार आहे, हात हलका आहे. मी तिला सगळं शिकवलं. इनोकेंती पाव्लोविचचा नाकाचा श्वास, एल्विराची टाळू, रोदिओनचं गुणगुणणं कुठल्या पट्टीत असतं आणि कसं काढायचं. तिनं एकदा सांगितल्यावर दुसऱ्यांदा विचारलं नाही. ‘ताई,’ म्हणाली, ‘खुर्ची थोडी वर केली तर चालेल ना? मी बुटकी आहे.’ मी म्हटलं, चालेल. ती खुर्ची मी तीन वर्षं हलवली नव्हती.

आणि मग निरोपाचा कार्यक्रम. आमच्या तळघरातल्या स्टुडिओतच, दिव्यांच्या स्टँडना कोट लटकवलेले. बीटाची आणि खारवलेल्या माशाची कोशिंबीर, वाइन, केक. सेराफिमा अंद्रेयेवनांना टॅक्सीनं आणलं होतं. रोदिओननं जिन्यावरून हाताला धरून उतरवलं. वर्षभरात त्या पहिल्यांदाच घराबाहेर पडल्या होत्या. मी त्यांची शाल घालून गेले होते, तसं करणं योग्य वाटलं. इनोकेंती पाव्लोविच पेला हातात घेऊन उभे राहिले आणि पेल्यातली वाइन कोमट होईपर्यंत बोलले. सगळे माझ्याकडे बघत होते. मला माझे हात कुठे ठेवायचे ते कळत नव्हतं. मी सहसा काचेच्या पलीकडे असते.

ते बसले, आणि तेवढ्या शांततेत सेराफिमा अंद्रेयेवनांनी मोठ्यांदा विचारलं, ‘पण कुठे जातेयस गं?’

सगळ्यांच्या माना खाली गेल्या. जे विचारायचं नसतं ते नव्वदीच्या बाईंनी भर सभेत विचारलं होतं. मी त्यांच्या कानाशी वाकून स्पष्ट उच्चारात सांगितलं, ‘कुठेही नाही.’

इनोकेंती पाव्लोविचनी डोळे मिटले आणि टाळ्या वाजवायला सुरुवात केली. ‘काय उत्तर आहे,’ म्हणाले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दिनासुद्धा. बाई एकट्या वाजवत नव्हत्या, माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

‘कुठेही नाही म्हणजे?’

‘म्हणजे इथेच. गोरोखोवाया रस्त्यावर राहते.’

‘मग तू आम्हा सगळ्यांना बसवलंस कशाला?’

‘खोलीची शांतता घ्यायची होती.’

‘कशाला?’

‘तुमचं कापलेलं असतं तिथे भरायला.’

‘माझं काय कापलंस?’

‘तुम्ही गप्प बसलात ते.’

बाईंनी यावर जरा विचार केला. ‘म्हणजे माझं गप्प बसणं काढलंस आणि तिथे माझ्याच खोलीचं गप्प बसणं घातलंस.’

‘हो. पण आखूड.’

‘असले उद्योग मी ध्रुवावरसुद्धा बघितले नाहीत,’ त्या म्हणाल्या. मग हात पुढे केला. ‘माझी शाल दे. एकच आहे. मला वाटलं तू परत यायची नाहीस, म्हणून दिली होती.’

मी दिली. टाळ्या तोवर थांबल्या होत्या.

लोक गेल्यावर आम्ही चौघं बसलो. एल्विरानं जिभेनं टाळूला आवाज केला, तेव्हाच मला पुढचं कळलं. ‘तास्या, लोक रडलेत,’ ती म्हणाली. ‘रडलेल्या लोकांना आता काय सांगायचं? गंमत झाली म्हणून?’ रोदिओन म्हणाला, हेडफोन राहू देत तुझ्याकडे. इनोकेंती पाव्लोविच थोडा वेळ खरोखर ओशाळले होते, पण फार वेळ नाही. मी खरंच जाते आहे की नाही हा तपशील आहे, म्हणाले. मुलगी गेली आहे, प्रेक्षकांनी तिला पाठवली आहे. तेव्हा मी आता जावं. फार नाही, मार्चपर्यंत. दुकानांत दिसू नये, पुस्तकांच्या कार्यक्रमांना येऊ नये. मार्चमध्ये परत यावं, मग ते ‘परतलेली’ असा एक भाग करतील. नाव त्यांना आधीच सुचलं होतं. दिना तोवर आहेच. पुढचं पुढे बघू.

मी विचारलं, आणि मी गेलेच नाही तर?

तिघंही गप्प राहिले. माझा हाच व्यवसाय आहे, तेव्हा ती कुठल्या जातीची शांतता होती हे मला लगेच कळलं. खोलीत घड्याळ होतं, पाइपमध्ये पाणी होतं, आणि तिघांपैकी कुणी बोलायला श्वास घेत नव्हतं. मी कोट घेतला. त्यांनी मला दारापर्यंत पोचवलं, त्यांचं वागणं वाईट नव्हतं. दिना म्हणाली, ‘ताई, काही अडलं तर विचारू ना?’ मी म्हटलं, विचार. तिला काही अडणार नाही.

तर असं झालं. काळजी करण्यासारखं काही नाही. गेला आठवडा मी घरी आहे, खोली आवरली, खिडकीच्या फटी कापूस घालून बंद केल्या. घरमालकीण विचारत होती की मी अजून कशी काय इथे. तिनंही तो भाग बघितला आहे. अळंबी थोडी उरली आहे. मित्र्योखिनना नमस्कार सांग आणि बरण्या त्यांच्याकडूनच वर आणवत जा. ग्रंथालयातल्या बाईंना माझ्या वतीनं सांग की बातमी चुकीची आहे आणि मी पीटर्सबर्गमध्येच कामावर आहे.

तुझी,
तास्या

ता. क. ग्रंथालयातल्या बाईंना असं काही सांगू नकोस. त्या रडलेल्या लोकांपैकी असतील. त्यांच्या हिशेबानं मी परदेशात आहे, तशी राहू दे.

ता. क. दुसरं. वर काम फार आहे असं लिहिलं आहे. तो मजकूर पत्र सुरू करताना सवयीनं लिहिला गेला, दुरुस्त समजावा. काम नाही. तेव्हा नववर्षाला येते. व्होलोग्दाहून दुपारची बस धरेन. स्थानकावर घ्यायला येऊ नकोस, बर्फ असेल आणि तुझा गुडघा ‘बरा’ आहे. गावात कुणी विचारलंच तर मी मित्र्योखिनची भाची आहे. त्यांना आधी कल्पना देऊन ठेव.

ता. क. तिसरं. किती दिवस राहणार ते विचारू नकोस, मला माहीत नाही. पण तीन-चार दिवस झाले की मी बॅग भरायला घेईन, कुठे जायचं ते ठरलेलं नसलं तरी घेईन, तू मला ओळखतेस. तेव्हा एकदा ‘जाऊ नकोस’ म्हण. हातातलं काम सोडून म्हणायला नको, कोबी चिरता चिरता म्हटलंस तरी चालेल. मी नाही म्हणेन. तू पुन्हा म्हण.